होडीतली बॅटरी : जागा, बांधणी आणि जपणूक



कार्यक्रमात ऐकलेली गोष्ट पुढच्या भरतीपर्यंत ध्यानात राहतेच असं नाही. म्हणून होडीवरच्या बॅटरीबद्दलची माहिती या पत्रकात छापून देत आहोत. दिवाळे, सारसोळे, करावे, वाशीगाव, घणसोली, ऐरोली या बाजूच्या ठाणे खाडीत आणि पनवेल खाडीत लहान होडीने जाणाऱ्यांसाठी ती मुख्यतः आहे. उरणच्या पुढे उघड्या समुद्रात जाणाऱ्यांनाही ती तितकीच उपयोगी पडेल.

पूर्वी होडीत विजेची गरजच नव्हती. वल्ही, शीड आणि रात्री एक कंदील, एवढ्यावर काम चालायचं. आता इंजिन सुरू करायला बॅटरी, दिव्याला बॅटरी, जीपीएस, वायरलेस आणि पाणी उपसायच्या पंपालाही बॅटरीच लागते. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर येथून देशभरातल्या एक लाख मासेमारी नौकांवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याची योजना सुरू झाली. म्हणजे होडीवरची विजेची साधनं पुढे वाढतच जाणार.

साधनं वाढली, पण बॅटरी ठेवायची रीत जुनीच राहिली. नांगर आपण जागेवर ठेवतो, जाळं नीट घडी घालून रचतो. बॅटरी मात्र मासळीच्या क्रेटमध्ये, नाहीतर इंजिनाशेजारी सुतळीने गुंडाळून ठेवलेली दिसते. अडचणीच्या वेळी हाक मारायला, दिवा दाखवायला आणि आत आलेलं पाणी उपसायला जी वस्तू लागते, ती पहिल्या हिंदकळ्याला उलटी पडता कामा नये. या पत्रकात सांगायचं आहे ते एवढंच. बाकीची सारी माहिती हे कसं साधायचं याची आहे.

बॅटरीपासून चार धोके

पहिला धोका वजनाचा. १२ व्होल्टची साधारण ६० ते ८० अँपिअर-तासांची बॅटरी १५ ते २० किलो भरते. एवढं वजन मोकळं सुटलं की लाटेबरोबर इकडून तिकडे आपटतं. पाय मोडेल, पेट्रोलची नळी तुटेल आणि होडी एका अंगाला कलेल.

दुसरा धोका आम्लाचा. नेहमीच्या शिशाच्या बॅटरीत पाणी घातलेलं गंधकाम्ल असतं. कातडी आणि डोळे तर ते भाजतंच, पण आपल्या धंद्याचंही नुकसान करतं. नायलॉन या आम्लाने कुजतं. सांडलेलं आम्ल नायलॉनच्या जाळ्यात मुरलं की जाळं वरून धड दिसतं आणि ओढताना फाटतं. म्हणून बॅटरीवर जाळं रचू नका आणि जाळ्याच्या ढिगात बॅटरी ठेवू नका.

तिसरा धोका वायूचा. बॅटरी चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन हे वायू निघतात. हवेत हायड्रोजन शंभरात चार भाग झाला तरी एका ठिणगीने पेट घेतो. त्याला रंग नाही, वास नाही. मोठ्या नौकांनाही या वायूपासून सुटका नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये विशाखापट्टणम येथे नौदलाच्या 'सिंधुरक्षक' पाणबुडीच्या बॅटरीकक्षात आग लागून एका नौसैनिकाचा मृत्यू झाला. बॅटरीच्या सदोष झडपेतून सुटलेला हायड्रोजन हे त्याचं कारण सांगितलं गेलं. पाणबुडीची बॅटरी अवाढव्य असते, पण वायू तोच.

चौथा धोका ठिणगीचा. बॅटरीच्या दोन टोकांवर लोखंडी पाना आडवा पडला तर क्षणात शेकडो अँपिअर वीज वाहते. पाना लाल होतो, वायर जळते, आणि जवळ पेट्रोलची वाफ असेल तर होडी पेटते.

यात आणखी एक गोष्ट समजून घ्या. हायड्रोजन हलका, तो वर जातो. पेट्रोलची वाफ जड, ती खाली होडीच्या तळात बसते. म्हणून बॅटरीच्या पेटीला वरून वाट हवी, आणि पेट्रोलची टाकी व बॅटरी एकाच बंद कप्प्यात कधीही नकोत.

जागा कुठे द्यावी?

बहुतेक जण मागे, इंजिनाच्या बुडाशी बॅटरी ठेवतात, कारण वायर आखूड लागते. पण होडीत आलेलं पाणी तिथंच साचतं, टाकीही तिथंच, आणि इंजिन व माणसाचं वजनही तिथंच. अगदी नाळेवरही नको. तिथं लाटेचे दणके बसून बॅटरीच्या आतल्या पट्ट्या झडतात.

चांगली जागा म्हणजे होडीच्या मध्याजवळची, आडव्या फळीखालची, दोन्ही बाजूंना सारखी. बॅटरी खाली हवी म्हणजे होडी स्थिर राहते. पण इतकी खाली नको की साचलेलं पाणी तिच्यापर्यंत पोचेल. पाणी नेहमी कुठवर चढतं ती खूण पाहा आणि त्याच्या किमान एक वीत वर बैठक बांधा. खारं पाणी बॅटरीच्या आत गेलं तर विजेच्या क्रियेने क्लोरीनसारखा विषारी वायू निघतो, हे विसरू नका.

बॅटरी मध्यावर नेली की इंजिनापर्यंतची वायर लांब होते. तेव्हा ती जाडही घ्यावी लागते. लांब आणि बारीक वायर तापते आणि इंजिनाला जोर पोचत नाही.

आपल्या खाडीची एक खास अडचण आहे. ओहोटीला होडी गाळावर बसते आणि एका कुशीवर कलते. भरती येईपर्यंत चार-पाच तास ती तशीच राहते. बुचं असलेल्या बॅटरीतून या वेळात आम्ल हळूहळू झिरपतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. होडी कलणाऱ्या जागी लावत असाल तर बॅटरी घरी न्या. नाहीतर पुढच्या वेळी सीलबंद प्रकारची, म्हणजे पाणी घालावं न लागणारी बॅटरी घ्या. ती थोडी महाग पडते, पण कलली तरी सहसा सांडत नाही.

पेटी आणि पट्टा

१. आधी बैठक करा. जाड मरीन प्लायची फळी होडीच्या आडव्या वाशांना किंवा बरगड्यांना पक्की करा. फायबरच्या होडीच्या तळाला आरपार भोक पाडू नका. फळी फायबरनेच चिकटवून घ्या.

२. फळीवर चारही बाजूंनी लाकडी पट्ट्यांची चौकट ठोका. पेटी त्या चौकटीत घट्ट बसली पाहिजे. चौकटीमुळे बॅटरी बाजूला सरकत नाही. पट्टा असतो तो वर उडू नये म्हणून. दोन्ही हवेत.

३. बॅटरी झाकणाच्या प्लास्टिकच्या पेटीत ठेवा. बाजारात तयार पेटी मिळते. पेटीचा तळ फुटका नको, कारण सांडलेलं आम्ल तिथंच थांबायला हवं. झाकणाला वरच्या बाजूने वायू जायला भोकं हवीत, पण पावसाचं आणि लाटेचं पाणी आत जाणार नाही अशी.

४. पट्टा पॉलिएस्टरचा घ्या. ट्रकवर माल आवळायला वापरतात तसला, बकलाचा. नायलॉनची दोरी नको. ती ओली झाली की ताणली जाते, आणि आम्ल लागलं की कुजते. रबराची ट्यूबही नको. ती उन्हाने तडकते.

५. पट्टा ज्या कड्यांतून जातो त्या कड्या फळीलाच बोल्टने पक्क्या करा. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे असावेत. साधं लोखंड खाऱ्या हवेत गंजून तुटतं.

६. आता परीक्षा घ्या. दोन्ही हातांनी जोर लावून पेटी पुढे, मागे, बाजूला ढकला. वर उचलून पाहा. एक इंच जरी हलली तरी काम अपुरं आहे. खाडीत मोठी बोट जवळून गेली की तिच्या लाटेचा धक्का तुमच्या हातांच्या जोरापेक्षा मोठा असतो.

वायर, फ्यूज आणि टोकं

बॅटरीच्या दोन्ही टोकांवर रबरी टोप्या घाला. नसतील तर जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा कापून बसवा. पाने, गळ, साखळी असलं लोखंडी सामान पेटीवर ठेवू नका.

दिवे, जीपीएस आणि पंप यांच्याकडे जाणाऱ्या प्लसच्या वायरवर फ्यूज हवाच. तो बॅटरीपासून एका वितीच्या आत असावा. लांब दिव्याजवळ लावलेला फ्यूज दिव्याला वाचवतो, पण मधली वायर घासून उघडी पडली तर ती जळायची थांबत नाही. फ्यूज उडाला म्हणून त्या जागी तांब्याची तार किंवा सिगरेटची चांदी लावू नका. फ्यूज का उडाला ते शोधा. दोन जादा फ्यूज कोरड्या डबीत ठेवा.

सगळी वीज एकदम तोडणारा मुख्य स्विच हाताला पटकन येईल अशा जागी बसवा. होडी लावून घरी निघताना तो बंद करायची सवय लावा.

बॅटरी सोडताना आधी मायनस काढा, मग प्लस. जोडताना आधी प्लस, मग मायनस. ही सवय मोडू नका. टोकं घट्ट आवळा. ढिल्या टोकातून ठिणगी उडते, आणि वायू तर तिथंच जमलेला असतो. टोकांवर हिरवी-पांढरी पूड जमली तर खायचा सोडा पाण्यात कालवून जुन्या ब्रशने धुवा. सोडा बुचांतून आत जाऊ देऊ नका. कोरडं करून वर व्हॅसलिन लावा.

चार्जिंग करताना

आपल्याकडे पुष्कळ घरी बॅटरी आणून रात्री चार्जिंगला लावतात. कोळीवाड्यातली घरं एकमेकांना लागून, आणि चार्जर बऱ्याचदा स्वयंपाकघराच्या प्लगला. हे टाळा. गॅसची शेगडी, देवापुढचा दिवा, उदबत्ती यांच्याजवळ बॅटरी चार्ज करू नका. मुलं झोपतात त्या बंद खोलीतही नको. पडवीत किंवा गच्चीत, वारा खेळेल आणि पाऊस लागणार नाही अशा जागी लावा.

आधी चिमटे बॅटरीला लावा, मगच चार्जरचं बटण सुरू करा. काढताना आधी बटण बंद, मग चिमटे. उलट केलंत तर ठिणगी बरोबर बॅटरीच्या तोंडाशी उडते. बॅटरीत पाणी किती आहे ते पाहायला काडी किंवा लायटर कधीही पेटवू नका. टॉर्च वापरा.

धक्क्यापासून घरापर्यंत बॅटरी खांद्यावर किंवा डोक्यावर नेऊ नका. गाळात पाय सरकला तर आम्ल थेट तोंडावर येतं. मूठ असलेल्या पेटीत घालून दोघांनी न्या, नाहीतर हातगाडी करा.

पाणी आणि देखभाल

बुचांच्या बॅटरीत फक्त बॅटरीचं शुद्ध पाणी, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाचं, बोअरचं, एसीतून ठिबकणारं पाणी चालत नाही. खाडीचं तर नाहीच. आतल्या पट्ट्या पूर्ण बुडून वर बोटाच्या नखाएवढं पाणी हवं. काठोकाठ भरू नका. चार्ज होताना ते फुगून बाहेर येतं. वरून आम्ल घालायचं नसतं. आम्ल उडून जात नाही, उडतं ते पाणी.

बॅटरी किती भरली आहे ते साध्या मीटरने कळतं. चार्जिंग झाल्यावर काही तास विसावू द्या आणि मग मोजा. १२.६ व्होल्ट किंवा वर म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी. १२ च्या खाली असेल तर ती घेऊन खाडीत उतरू नका.

रात्रभर पुरेल का? असा हिशेब करा

१० वॉटचे दोन एलईडी दिवे, म्हणजे २० वॉट. त्याला १२ ने भागलं की सुमारे पावणेदोन अँपिअर. आठ तास चालले तर १४ अँपिअर-तास. जीपीएस आणि वायरलेस मिळून एक अँपिअर धरला तर आठ तासांचे ८. एकूण २२ झाले.

६० अँपिअर-तासांची बॅटरी असली तरी निम्म्याहून जास्त वापरायची नाही, नाहीतर तिचं आयुष्य घटतं. म्हणजे हाताशी ३०. त्यातले २२ गेले, उरले ८. तेवढ्यावर सकाळी इंजिन सुरू करायचं आणि लागलं तर पंपही चालवायचा. बॅटरी जुनी असेल तर तेही उरत नाहीत. म्हणून जमलं तर इंजिनाला एक आणि दिव्यांना दुसरी अशा दोन बॅटऱ्या ठेवा. दोन्ही स्वतंत्र बांधा. जेएनपीए बंदराच्या जहाजांच्या वाटेत दिवा विझलेली होडी कुणालाही दिसत नाही.

पावसाळ्याच्या बंदीत

जून-जुलैत होडी वर ओढली की बॅटरी तशीच आत राहते आणि नारळी पौर्णिमेला मेलेली सापडते. पडून राहिली तरी बॅटरी थोडीथोडी उतरत असते, आणि उतरलेल्या स्थितीत राहिली की पट्ट्यांवर कठीण थर बसतो. तो मग निघत नाही. म्हणून होडी वर काढताच बॅटरी सोडून घरी आणा, पुसा, पूर्ण चार्ज करा आणि मुलांचा हात पोचणार नाही अशा कोरड्या जागी ठेवा. महिन्यातून एकदा पुन्हा चार्ज करा. नवी बॅटरी घेण्यापेक्षा हे काम स्वस्त आहे.

अपघात झाला तर

आम्ल डोळ्यात गेलं तर डोळा चोळू नका. पापण्या उघड्या धरून १५ ते २० मिनिटं स्वच्छ पाण्याने सतत धुवा आणि ताबडतोब दवाखाना गाठा. पिण्याच्या पाण्याचा एक जादा कॅन यासाठीच होडीत ठेवा. तो संपला तर खाडीचं पाणी का होईना, पण धुणं थांबवू नका. डोळ्यात सोडा घालू नका. अंगावर सांडलं तर भिजलेले कपडे काढा आणि पाणी ओतत राहा.

होडीत सांडलं तर भरपूर सोड्याचं पाणी टाका, फेस येणं थांबेपर्यंत. मग धुवा.

वायर जळल्याचा वास आला तर आधी मुख्य स्विच बंद करा आणि इंजिन थांबवा. कोरड्या पावडरीचं छोटं आगनळकांडं होडीत हवंच. पेट्रोल पेटलं असेल तर पाणी मारू नका, आग पसरते. मदतीसाठी तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक पाठ असू द्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*"बॅटरी फरशीवर ठेवली की उतरते, हे खरं का?"*
जुन्या काळी लाकडी आणि रबरी डब्याच्या बॅटऱ्यांबाबत ते सांगत. आजच्या प्लास्टिकच्या डब्याला फरशीने काही होत नाही. ती उतरते ते उष्णतेने, वरच्या ओल्या घाणीने आणि दुर्लक्षाने.

*"हल्ली हलक्या लिथियम बॅटऱ्या मिळतात. होडीत चालतील का?"*
चालतील, पण होडीसाठी म्हणून बनवलेली, पाण्यापासून बंदिस्त आणि आत संरक्षक सर्किट असलेली घ्या. लोखंड-फॉस्फेट प्रकार त्यातल्या त्यात सुरक्षित. तिला तिचाच चार्जर वापरा, शिशाच्या बॅटरीचा नको. जुन्या स्कूटरचे सेल जोडून कुणी गल्लीत बनवून देत असेल तर घेऊ नका. खारं पाणी आत गेलं की असली बॅटरी तासाभराने, कधी दुसऱ्या दिवशीही पेटू शकते. हलकी असली तरी बांधणी तीच, पट्टा तोच.

*"जुनी बॅटरी काय करावी?"*
दुकानदाराला परत द्या, बदल्यात पैसेही मिळतात. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती योग्य ठिकाणीच जायला हवी. खाडीत टाकू नका आणि भंगारात फोडूही नका. तिच्यातलं शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. ज्या गाळात आपण निवट्या आणि चिंबोऱ्या धरतो, त्यात ते जाता कामा नये.

होडी ढकलण्याआधी, दोन मिनिटं

- पेटी हलवून पाहिली? पट्टा आवळला?
- टोकं घट्ट, टोप्या जागेवर?
- पेटीवर जाळं, पाना, साखळी नाही ना?
- मीटरवर १२ च्या वर?
- जादा फ्यूज, टॉर्च, पाण्याचा कॅन आणि आगनळकांडं सोबत?

हे पत्रक घरात भिंतीला लावा. होडीवर जो जातो त्याने वाचावं, आणि घरी जो बॅटरी चार्जिंगला लावतो त्यानेही. शंका असतील त्या कार्यक्रमाकडे जरूर लिहून पाठवा.